गुरुवार कोणाचा

आम्ही आमचं लग्न दोघांच्या संमतीने खुलं केलं, म्हणजे बाहेर कोणाला भेटायची मुभा एकमेकांना दिली, ते लग्नात काही बिनसलं होतं म्हणून नाही. हे आधी सांगते, कारण ज्या मोजक्या माणसांना आजवर कळलंय त्या सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "काही प्रॉब्लेम होता का गं?" प्रॉब्लेम म्हणायचा तर एवढाच, की संसार नीट चालला होता आणि तरी मला अधूनमधून दुसरं कोणीतरी आवडायचं. नवऱ्यालाही कोणी आवडत असणार असं वाटायचं. तो बोलायचा नाही, मीही बोलायचे नाही. मी सीए आहे. हिशेबात न दाखवलेल्या व्यवहारांची मला पेशामुळेच चीड आहे.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे, मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि सासूबाई त्याच सोसायटीत, शेजारच्या विंगमध्ये तळमजल्यावर. ही माहिती मुद्दाम देते आहे. या विषयावरची जी इंग्रजी पुस्तकं मी वाचली त्यांत सगळ्यांची घरं मोठी, मुलं आठवड्यातले ठरलेले दिवस दुसऱ्या पालकाकडे, आणि सासू कोणालाच नाही.

विषय मी काढला. पावसाळ्यात वरंध घाटातून परत येत होतो, मुलगी मागे झोपली होती. गाडीत एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड बोलणं त्यातल्या त्यात सोपं जातं. मी म्हटलं, लग्न तसंच ठेवून आपण दोघांनी बाहेर कोणाला भेटायची मुभा एकमेकांना दिली तर? तो भोर येईपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "कोणी आहे का?"

"नाही. असतं तर विचारलं नसतं, सांगितलं असतं."

"आणि मी कोणाला भेटलो तर चालेल तुला?"

मी हो म्हटलं. पोटात गोळा आला होता, तोही तेव्हाच सांगितला. पुढे जे काही धड झालं त्यातला बराच भाग या सवयीमुळे झाला असं मला वाटतं: हो म्हणताना पोटात काय होतंय तेही बोलायचं.

त्यानंतर बरेच महिने आम्ही फक्त बोललो आणि वाचलं. वाचता वाचता र. धों. कर्व्यांपर्यंत पोचलो. ज्यांच्या नावाच्या उपनगरात आम्ही हप्ते भरतो त्या महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या प्रचारापायी कॉलेजातली नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. रोग होत नसेल, नको असलेलं मूल होत नसेल आणि कोणावर जबरदस्ती नसेल तर दोन सज्ञान माणसांच्या संबंधात पाप कसलं, असं हा माणूस आपल्या आजीच्या काळात मराठीत लिहीत होता. पाश्चात्त्य फॅड म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी हे एक आणि आमच्यासारख्या स्वतःला फार पुढारलेलं समजणाऱ्यांसाठीही हेच एक. मात्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की कर्व्यांना मत्सराची फिकीर फार नाही. तो बुद्धीने सुटेल असं त्यांना वाटत असावं. त्यांच्याकडे गणिताची पदवी होती, हे लक्षात घ्यायला हवं.

मग कायदा. माझी एक मैत्रीण शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. तिला 'एका क्लायंटसाठी' म्हणून विचारलं. ती हसली आणि तिनेही क्लायंटसाठी म्हणूनच उत्तर दिलं. व्यभिचाराचं ४९७ कलम सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं, म्हणजे तुरुंगाचा प्रश्न नाही. पण रद्द होण्याआधी त्या कलमात काय होतं ते ऐकून मी थक्क झाले. १८६० च्या त्या कायद्यात गुन्हा घडायचा तो नवऱ्याच्या संमतीशिवाय परक्या पुरुषाने त्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे मला बाहेर भेटायची मुभा इंग्रज सरकारने दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवली होती, फक्त ती माझ्या नवऱ्याच्या खिशात ठेवली होती. आणि तो कुठे गेला तर मला साधी तक्रार करायचीही सोय नव्हती.

हे घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "लग्नातही 'नातिचरामि' मीच म्हटलंय. तू कुठे म्हटलंस?" खरंच की. धर्मे च अर्थे च कामे च तिला डावलू नकोस, असं वडील जावयाला सांगतात आणि कबुली नवरदेव देतो. मला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी त्या वेळी हातात नारळ धरून बसले होते.

मैत्रिणीने पुढे बजावलं ते जास्त कामाचं होतं. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराखेरीज कोणाशीही स्वेच्छेने ठेवलेला संबंध हे घटस्फोटाचं कारण आजही आहे, एकदाच घडला असला तरी. मात्र त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, ज्याने अशा संबंधाला संमती दिली, साथ दिली किंवा माफ केलं त्याला त्याच कारणावर घटस्फोट मागता येत नाही. "त्यामुळे तुझ्या क्लायंटने कागदावर काही लिहिलं तर ते करार म्हणून कोर्टात चालणार नाही, पण पुरावा म्हणून चालेल," ती म्हणाली. "आणि मुलाच्या ताब्याची वेळ आली तर समोरचा वकील तोच कागद फडकवेल." त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की तरीही लिहायचं.

लिहिलं ते एक्सेलमध्ये. नवऱ्याने वर 'रिव्हिजन ०' टाकलं आणि बदलाच्या तारखेचा रकाना केला, क्वालिटीवाला माणूस. ओळखीतलं कोणी नाही, सोसायटीतलं नाही, ऑफिसातलं नाही. घरी आणायचं नाही. आधी सांगायचं, नंतर विचारलं तरच तपशील. कंडोम दर वेळी. मुक्काम नाही. भावनिक गुंतायचं नाही. आणि शेवटी व्हेटो: दोघांपैकी कोणीही कधीही 'बंद' म्हणू शकतं.

हा कागद घेऊन आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्याआधी एकीकडे जाऊन आलो होतो. तिथे आमचं म्हणणं ऐकून आम्हाला एकत्र सूर्यनमस्कार घालायला सांगितलं होतं. या दुसऱ्या बाईंनी शांतपणे कागद वाचला आणि 'भावनिक गुंतायचं नाही' या ओळीवर पेन्सिलने रेघ मारली. म्हणाल्या, "नियम वागण्याचे करा. मनात काय यावं याचा नियम केलात तर समोरचा फक्त लपवायला शिकेल." नवऱ्याला हे पटलं नाही, मला पटायला हवं होतं तेवढं पटलं नाही. ओळ तात्पुरती राहिली. पुढे ती काढली तेव्हा रिव्हिजनचा आकडा बराच वर गेला होता.

तपासण्या सरळ पार पडल्या. लॅबमध्ये आम्हाला हवं असलेलं सगळं 'प्री-मॅरिटल पॅकेज' नावाखाली एकत्र मिळत होतं. काउंटरवरच्या मुलीने, "लग्न कधी आहे?" असं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "झालंय." तिने वर पाहिलं नाही. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब आणि क. कावीळ ब ची लस दोघांनीही घेतली, त्याचे तीन डोस असतात आणि तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे घाई करायची नाही हे आपोआपच ठरलं. ज्यांना लॅबचा खर्च नको किंवा तिथली चौकशी नको त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गोपनीय होते. चाचणी निगेटिव्ह आली तरी संसर्ग नुकताच झाला असेल तर ती पकडू शकत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. आम्ही भेटलेल्या शिकल्यासवरल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत नव्हतं, ते बघून मला धक्का बसला.

ॲपवरचे पहिले आठवडे मजेचे आणि केविलवाणे होते. मी प्रोफाइल टाकलं आणि संध्याकाळपर्यंत मोबाइल तापला. त्याच्याकडे शुकशुकाट. प्रोफाइलवर दोघांनीही 'विवाहित, जोडीदाराला माहीत आहे' असं स्पष्ट लिहिलं होतं. पुरुष हे वाचून मला विचारत, "नवरा काही करणार नाही ना? कॅमेरा वगैरे लावणार नाही ना?" बायका त्याला विचारत, "बायकोला खरंच माहीत आहे? दे तिच्याकडे फोन." मला या बायकांचं कौतुक वाटलं. भाजी चिरता चिरता मी अशा एकदोघींशी व्हिडिओवर बोलले. "हो, मला माहीत आहे. हो, मी खूश आहे. नाही, मी भेटणार नाही, काळजी करू नका." पुरुषांपैकी एकानेही माझ्या नवऱ्याशी बोलायची इच्छा दाखवली नाही.

त्याला आधी कोणीतरी भेटलं. बाणेरची आर्किटेक्ट, आमच्याच वयाची, घटस्फोटित. तिला गुरुवारची संध्याकाळ मोकळी असायची, म्हणून गुरुवार ठरला.

पहिल्या गुरुवारी तो गेला तेव्हा मी मुलीचे पाढे घेतले, जेवले, मालिका पाहिली. फार काही वाटलं नाही आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला. तो परत आला, कपडे बदलले आणि न सांगता ओटा पुसायला लागला. गुणगुणत. मला इतका राग आला की मी बेडरूमचं दार लावून घेतलं. तो कोणाच्या मिठीत होता याचा राग नव्हता, हे मला तेव्हाच कळत होतं. दुसरीकडून भरून आणलेल्या आनंदाने तो माझा ओटा पुसत होता. ओटा पुस म्हणून मी किती वर्षं सांगत होते!

दुसरा घाव खोल होता. त्याचे वडील गेले त्या रात्रीबद्दल तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मी हॉस्पिटलमध्ये शेजारी उभी होते, त्यामुळे बोलायची गरज नाही असं आम्ही दोघांनी धरून चाललो होतो. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं, कारण सांगायचा नियम होता. शरीराविषयीचे आमचे सगळे नियम धडधाकट उभे होते आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते.

सासूबाईंचं वेगळंच. त्यांच्या खिडकीतून पार्किंग दिसतं. काही आठवड्यांनी त्या मला म्हणाल्या, "गुरुवारचा नेमाने कुठे जातो गं? दत्ताला का?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच ठरवून टाकलं. मुलगा देवाधर्माला लागला म्हणून इतक्या खूश झाल्या की पुढच्या गुरुवारी नारळ आणि खडीसाखर त्याच्या हातात दिली. "येताना प्रसाद आण." त्यानंतर तो बाणेरहून येताना पेढे घेऊन यायचा. वार बदलायचा विचार केला, पण मंगळवारी गणपती आणि शनिवारी मारुती. आपल्याकडे असा वारच नाही जो कुठल्या देवाने आधी अडवून ठेवलेला नाही. या खोटेपणाचा मला जितका त्रास झाला तितका मूळ गोष्टीचा झाला नाही. आपण एकमेकांशी खरं बोलतो म्हणून हे करतोय, हा आमचा तोरा होता, आणि म्हातारी रोज त्या पेढ्याचा कण जिभेवर ठेवून डोळे मिटत होती.

मला भेटलेला माणूस मुंबईचा, माटुंग्याला राहणारा, विधुर, संख्याशास्त्र शिकवणारा. कामासाठी मला महिन्यातून एकदा मुंबईला जावंच लागतं. सव्वासातची डेक्कन क्वीन, दिवसभर क्लायंट, आणि येताना पाच-दहाची तीच गाडी सोडून नंतरची धरायची. मधल्या वेळात आम्ही बोलायचो आणि खायचो. माटुंग्याला दुसरं काही करायचं म्हटलं तरी आधी खाणं होतंच. शारीरिक जवळीक खूप उशिरा आली आणि खरं सांगायचं तर त्यात विशेष लिहिण्यासारखं काही नाही. विशेष होतं ते आदल्या रात्रीचं. पोळ्यांच्या बाई सकाळी येतात, पण भाजी कोणती, डब्यात काय, व्हॅनवाल्याला कोण सांगणार, संध्याकाळी आजीकडे राहायचं तर गृहपाठाच्या कुठल्या वह्या खाली न्यायच्या, हे सगळं लावून मी निघायचे. तो गुरुवारी किल्ली उचलून निघायचा.

हे असं चालू असताना सप्टेंबर आला. ज्यांच्या घरात सीए आहे त्यांना सप्टेंबर म्हणजे काय ते माहीत असेल, टॅक्स ऑडिटची ३० तारीख. मी रात्री अकरा-अकराला घरी येत होते. माझी मुंबई मी आपणहून बंद ठेवली होती. आणि तो गुरुवारी नेमाने जात होता. एका गुरुवारी मुलीला ताप आला, तिला सासूबाईंकडे ठेवून तो गेला. ताप साधा होता, काही बिघडलं नाही. पण त्या रात्री मी एक्सेलची दुसरी शीट उघडली. एका बाजूला बाहेर घालवलेले तास, दुसऱ्या बाजूला ते तास बाहेर घालवता यावेत म्हणून घरात कोणी किती वेळ दिला ते. गेल्या सगळ्या महिन्यांचं. माझ्या बाहेरच्या प्रत्येक तासामागे माझेच घरातले तास होते. त्याच्या बाहेरच्या तासांमागेही माझेच.

मी ती शीट सकाळी त्याच्यापुढे ठेवली. तो आकड्यांशी वाद घालणारा नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "हे गुरुवारच्या आधीपासूनचं आहे." हो, लग्नापासूनचं आहे. एकनिष्ठ होतो तेव्हाही होतं, फक्त तेव्हा आम्ही दोघंही घरात असल्यामुळे कोण बसलंय आणि कोण उभं आहे हे दिसत नव्हतं. मला या सगळ्यातून काय मिळालं असं कोणी विचारलं तर मी माटुंग्याच्या आधी या शीटचं नाव घेईन.

नवा नियम झाला: जो जाणार त्याने घर लावून जायचं. पहिल्यांदा त्याने केलेल्या यादीत व्हॅनवाला नव्हता. आता असतो.

व्हेटो मात्र बाणेरच्या आर्किटेक्टमुळे गेला. मी त्या सप्टेंबरात तो वापरायच्या बेतात आहे हे नवऱ्याने तिला सांगितलं, तेव्हा तिने मला भेटायची इच्छा व्यक्त केली. लॉ कॉलेज रोडवर कॉफीला भेटलो. उंच, शांत, पांढरे केस न लपवणारी. म्हणाली, "तुमचं लग्न मोडायची मला अजिबात हौस नाही. पण माझ्या आयुष्याबद्दलचा निर्णय मी नसलेल्या खोलीत, मला न विचारता होणार, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं." मी तिच्याकडे त्याचा गुरुवार म्हणून बघत होते. ती तर माणूस निघाली, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. 'दोघांपैकी कोणीही' या शब्दांत ती आणि माटुंग्याचे गृहस्थ कुठेच नव्हते. व्हेटोच्या जागी आम्ही लिहिलं की अडचण आली तर वेळ कमी करायची, आणि थांबवायचं झालं तर संबंधित माणसाला समोर बसून सांगायचं, मेसेजवर नाही.

लोकांना सांगण्याबद्दल थोडंच. एका जुन्या मैत्रिणीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, हात दाबला, आणि त्यानंतर तिच्या नवऱ्याच्या वाढदिवसाला आम्हाला बोलावलं नाही. तिच्या नवऱ्यात मला रस असेल असं तिला वाटावं, याचं मला हसू आलं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही.

पुढे बाणेरच्या बाईंना बंगळुरूला मोठं काम मिळालं आणि त्या गेल्या. माझा नवरा दुसऱ्या बाईच्या विरहात आहे आणि त्याला चहा करून देणारी मी आहे, या प्रसंगासाठी माझ्याजवळ कुठलाही वाचलेला, पाहिलेला नमुना नव्हता. मला बरं वाटलं का? थोडं वाटलं. वाईटही वाटलं, कारण तो खरोखर खचला होता. तो एका रात्री तिच्याबद्दल बोलता बोलता वडिलांवर आला आणि त्या हॉस्पिटलच्या रात्रीचं मला पहिल्यांदा सांगायला लागला. मी मध्ये बोलले नाही. सासूबाईंना आम्ही सांगितलं की ऑफिसची वेळ बदलली. त्यांनी स्वतः गुरुवार धरला.

माटुंग्याचं हळूहळू निव्वळ गप्पांवर आलंय. त्यांना दुसरं लग्न करायचंय आणि मी त्या रांगेत नाही, हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत होतं. सध्या आमच्या दोघांच्याही आयुष्यात तिसरं कोणी नाही. बंद केलंय का, असं मैत्रीण विचारते, वकील मैत्रीण, 'क्लायंट'ची चौकशी म्हणून. बंद केलेलं नाही. शीट तशीच आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ती उघडतो, आणि बहुतेक वेळा घरकामाच्या पानावरच भांडून बंद करतो.

मुलगी आता पाचवीत गेली. तिला हे कधी, किती आणि कोणी सांगायचं यावर आमचं एकमत नाही. तो म्हणतो, विचारेल तेव्हा सांगू, आईवडिलांच्या खोलीतलं सगळं मुलांना कळायला हवं असं नाही. मी म्हणते, बाहेरून कळण्याआधी आपल्याकडून कळावं, निदान ती आठवीत जायच्या आत. समुपदेशक बाईंची पुढची वेळ घेतली आहे ती एवढ्यासाठीच.